हात पोचत नाही तिथला बोल्ट

मागच्या नोव्हेंबरातला एक शनिवार. बाहेर नेहमीचा रिमझिम पाऊस, आणि मी एका अर्ध्या बांधलेल्या विमानाच्या पोटात डोकं खाली, पाय वर अशी पडलेले. डाव्या हातात छोटा आरसा, उजव्या हातात टॉर्क रेंच, कपाळावर दिवा. विमानाखाली एक काका उकिडवे बसून बोल्टचं डोकं पान्याने धरून होते. मी रेंच ओढला. ‘कट्’ असा आवाज आला.

"झालं, काका."

"काय झालं?"

"बोल्ट घट्ट झाला."

"अगं, आवाज झाला एवढंच झालं," काका खालून म्हणाले. "बोल्टचं अजून बघायचंय."

हे काका वेम्बलीत राहतात. सगळी नोकरी बसगाड्यांच्या दुरुस्तीत गेली. आमची ओळख डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळातली, गणपतीच्या मांडवात खुर्च्या उचलताना झालेली. निवृत्तीनंतर त्यांनी दोन माणसांच्या छोट्या विमानाचे सुटे भाग मागवले आणि घरामागच्या गॅरेजमध्ये एकेक जोडायला घेतले. धड तयार झाल्यावर ते शहराबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीजवळच्या शेडमध्ये हलवलं. त्या शनिवारी चाकांचे पाय, म्हणजे लँडिंग गिअर, बसवायचे होते. माझे हात बारीक आहेत आणि मी धातूंच्या थकव्यावर संशोधन करते, एवढ्या दोन कारणांवर मला बोलावलं होतं. पैकी पहिलं कारण जास्त उपयोगी पडलं.

ह्या महिन्याच्या भागात आपण ‘घरी बांधलेली विमानं’ ह्या विषयावर बोललो. त्यात बोल्टचा विषय निघाला आणि वेळेअभावी अर्धवट राहिला. तो इथे पूर्ण करते. जिथे हात नीट पोचत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही, तिथला बोल्ट घट्ट आहे हे आपल्याला कळतं कसं?

सी-सॉच्या आतल्या टोकाला

काकांच्या विमानाचे पाय म्हणजे जाड धातूच्या वाकवलेल्या पट्ट्या आहेत. पट्टीचं बाहेरचं टोक चाकाला, आतलं टोक विमानाच्या पोटात. मध्ये, धडाच्या कडेला, एक आधार. बागेतल्या सी-सॉसारखंच हे. विमान उतरताना जमीन चाकाला वर ढकलते, म्हणून पट्टीचं आतलं टोक खाली जाऊ पाहतं. त्याला जागेवर धरून ठेवणारे ते आतले बोल्ट. पट्टीचा बाहेरचा भाग आतल्या भागाच्या तिप्पट लांब असेल, तर चाकावर जेवढा भार येईल त्याच्या तिप्पट ओढ त्या आतल्या टोकावर येते. विमान जरा आपटून उतरलं की चाकावरचा भारही उभ्या विमानाच्या भाराच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त होतो.

म्हणजे सगळ्यात जास्त ताण जिथे, तिथेच सगळ्यात कमी जागा. हे काही मुद्दाम केलेलं नाही. भार पेलायला त्या ठिकाणी चहूबाजूंनी जाड पत्र्याची पेटी करावी लागते, आणि पेटी जेवढी भक्कम तेवढी आत हात घालायला जागा कमी. बऱ्याच छोट्या विमानांत ही अडचण असते. बांधणारे लोक भेटले की एकमेकांना मनगटावरचे ओरखडे दाखवतात.

घट्ट म्हणजे नक्की काय

आपल्याला वाटतं, बोल्ट म्हणजे जाड खिळा. दोन वस्तूंच्या आरपार गेला, काम झालं. खरं तर बोल्ट ही एक कडक स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, आणि पुन्हा आखडण्याच्या प्रयत्नात तो मधल्या वस्तू एकमेकांवर दाबून धरतो. जोड टिकतो तो ह्या दाबामुळे.

किती दाब? छोट्या विमानांत सर्रास वापरला जाणारा पाव इंची बोल्ट घेऊ, जाडीला साधारण करंगळीच्या निम्मा. बारीक आट्यांच्या ह्या बोल्टला नेहमीच्या वापरासाठी ५० ते ७० इंच-पाउंड टॉर्क सांगितलेला असतो. ७० म्हणजे जेमतेम ८ न्यूटन-मीटर. हाताला हे फार वाटत नाही. पण तेवढ्या पिळाने तो बोल्ट दोन पत्र्यांना साधारण ६०० किलोच्या जोराने एकत्र दाबतो. पूर्ण वाढलेली म्हैस त्या जोडावर बसवल्यासारखं.

हा दाब बाहेरून येणाऱ्या भारापेक्षा जास्त असेल, तर प्रत्येक धक्क्यातला अगदी थोडा वाटा बोल्टपर्यंत पोचतो. बाकीचा भार दाबलेल्या वस्तूच आपसांत पचवतात. पण बोल्ट ढिला असेल, तर प्रत्येक वेळी विमान उतरलं की तो पूर्ण ओढला जातो, पुन्हा सैल होतो, पुन्हा ओढला जातो. वायर मागे-पुढे वाकवून तोडतो तसं हे. माझ्या क्षेत्रात ह्याला धातूचा थकवा म्हणतात. थकून तुटलेला बोल्ट कधीच एका फटक्यात तुटलेला नसतो. आधी केसाएवढी चीर पडते, ती प्रत्येक धक्क्याला थोडी पुढे सरकते, आणि शेवटचा धक्का अगदी साधा असू शकतो. म्हणून ढिला बोल्ट पहिल्या दिवशी काहीच तक्रार करत नाही.

फार आवळणं हीसुद्धा चूकच. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की बोल्ट कायमचा लांबतो, किंवा आटे जातात. गॅरेजवाल्यांचा ‘अजून अर्धा पिळ असू दे’ हा सल्ला सायकलच्या स्टँडला चालेल, इथे नाही.

रेंच काय मोजतो, काय मोजत नाही

आपल्याला हवा असतो बोल्टमधला ताण. पण तो मोजायला सोपं साधन नाही, म्हणून आपण पिळाचा जोर मोजतो आणि त्यावरून ताणाचा अंदाज करतो. टॉर्क रेंच एवढंच करतो. ठरवलेला पिळ आला की ‘कट्’ करतो.

गंमत अशी की आपण लावलेल्या पिळातला फार थोडा भाग बोल्ट ताणायला खर्ची पडतो. ढोबळ हिशेब असा: १०० भागांपैकी ५० नटाखालच्या घर्षणात जातात, ४० आट्यांमधल्या घर्षणात, आणि उरलेले १० बोल्ट ताणतात. त्यामुळे घर्षण थोडं जरी बदललं तरी ताण खूप बदलतो. वरचाच पाव इंची बोल्ट घ्या. कोरड्या आट्यांवर ७० इंच-पाउंडला ६०० किलोच्या थोडं वर ताण येतो. त्याच आट्यांना कुणी तेलाचं बोट लावलं, तर तोच रेंच, तोच आकडा, तोच ‘कट्’, आणि ताण मात्र ८०० किलोच्या पुढे. म्हणून काकांच्या शेडमध्ये भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलंय: ‘आटे कोरडे?’ आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलाय की तेल लावलेल्या, हे आधी वाचायचं, मग हात घालायचा.

दुसरी बाब नटाची. विमानात साधा नट चालत नाही; इंजिनाच्या थरथरीने तो सुटेल. म्हणून एक तर आत नायलॉनचं कडं असलेला नट वापरतात, नाहीतर खाचा असलेल्या नटातून कॉटर पिन घालतात. नायलॉनचा नट बोल्टवर फिरतानाच अडतो. बोल्ट अजून काहीच दाबत नसतो, तरी रेंच थोडा जोर दाखवतो. हा अडण्याचा जोर आधी मोजायचा आणि हव्या असलेल्या टॉर्कमध्ये मिळवायचा. पण ‘कट्’ करणारा रेंच तो मोजू शकत नाही. त्यासाठी काटा असलेला रेंच लागतो.

पाना बसेना तेव्हा

आता मूळ अडचण. आमच्या पेटीत नटावर सॉकेट बसायला वर जागाच नव्हती. चपटा पाना जेमतेम आडवा सरकत होता. अशा वेळी टॉर्क रेंचच्या टोकाला एक चपटा जोड लावतात. दिसायला पक्ष्याच्या पंजासारखा, म्हणून त्याचं नाव क्रोफूट. नट त्या पंजात धरायचा आणि रेंच बाजूला, मोकळ्या जागेत ठेवायचा.

इथे शाळेतला तरफेचा नियम लागू होतो. पंजा रेंचच्या रेषेत पुढे लावला की तरफ लांब झाली. रेंचला वाटतं आपण अमुक जोर लावला. नटावर त्याहून जास्त लागतो. आमचे आकडे देते, म्हणजे हिशेब स्पष्ट होईल.

बोल्ट तीन-अष्टमांश इंची. त्याची सर्वसाधारण मर्यादा १६० ते १९० इंच-पाउंड. आम्ही १७० ठरवले. नट नुसता फिरवताना काट्यावर २० दिसले, ते मिळवून १९०. एवढा पिळ नटावर यायला हवा. रेंचच्या डोक्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत लांबी १० इंच, आणि क्रोफूटने पुढे वाढलेली लांबी २ इंच. मग रेंचवर लावायचा आकडा म्हणजे १९० गुणिले १० भागिले १२. उत्तर साधारण १५८.

हा हिशेब न करता थेट १९० लावले असते, तर नटावर २२८ आले असते. त्यातले अडण्याचे २० वजा केले तरी २०८, म्हणजे वरच्या मर्यादेच्या बाहेर. आणि रेंच इमानदारीत ‘कट्’ म्हणाला असता.

पंजा रेंचला काटकोनात लावला, तर मात्र हिशेब करावा लागत नाही, कारण तरफेची लांबी तेवढीच राहते. जागा असेल तर अनुभवी लोक काटकोनच पसंत करतात. गणित कमी, चूक कमी. आणि रेंच नेहमी मुठीच्या मध्यावरच धरायचा. अडचणीच्या जागेत हात आपोआप पुढे सरकतो. तरफेची लांबी तेवढ्यानेही बदलते आणि केलेला हिशेब फुकट जातो.

बाकी युक्त्या कुठल्याही फिटरला माहीत असलेल्या. वॉशर बोटाने धरता येत नाही म्हणून चिकटपट्टीच्या टोकाला लावून आत न्यायचा. नट सॉकेटमधून पडू नये म्हणून आत कागदाची घडी कोंबायची. जुना पाना घासून पातळ करायचा. खाली पडलेली वस्तू काढायला दांडीच्या टोकाचं लोहचुंबक. आणि दिसत नसेल तिथे आरसा, किंवा आजकाल फोनला जोडायचा वायरीचा कॅमेरा. शक्यतो नट फिरवायचा आणि बोल्ट स्थिर धरायचा, कारण बोल्ट फिरवला तर त्याचं अंग भोकात घासतं आणि तेही घर्षण आकड्यात मिसळतं. म्हणूनच दोन माणसं लागतात, एक आत, एक खाली, आणि दोघांनी एकमेकांना प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगायची.

थाळीत काही उरलं नव्हतं

आता त्या शनिवारकडे परत. ‘कट्’ झाला होता. माझ्याकडे दुसराही पुरावा होता. काकांची पद्धत अशी की एका जोडाचं सगळं सामान मोजून स्टीलच्या थाळीत ठेवायचं. काम संपल्यावर थाळी रिकामी हवी. थाळी रिकामी होती.

काकांनी तरीही कॅमेरा आत घालायला लावला आणि दोन्ही पायांच्या नटांचे फोटो काढायला सांगितले. मग फोनवर बोट ठेवून नटाबाहेर आलेले आटे मोजले. उजवीकडे दोन. डावीकडे, म्हणजे मी नुकताच आवळलेला, तीनाच्या पुढे.

"हा जास्त का बाहेर आला?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "मग उघड."

मला खरं सांगायचं तर राग आला होता. तो नट बसवायला पाऊण तास गेला होता, खांदा भरून आला होता, आणि शेडमध्ये कडाक्याची थंडी. पण उघडला. डावीकडे वॉशर एकच निघाला. दोन हवे होते. दुसरा सापडला लोहचुंबकाच्या दांडीला, मागच्या बाजूने चिकटलेला. आत नेताना केव्हातरी माझ्या हातून निसटला होता, आणि पुढे भलतंच काही उचलायला दांडी आत घातली तेव्हा तो तिला चिकटून गुपचूप बाहेर आला होता. थाळी रिकामी होती ते खरंच, पण वॉशर जागेवर नव्हता.

एका वॉशरने एवढा फरक का पडावा? विमानाच्या बोल्टला पूर्ण लांबीभर आटे नसतात. डोक्याकडचा भाग गुळगुळीत असतो आणि आटे फक्त टोकाला. गुळगुळीत भाग जोडाच्या जाडीएवढा असावा लागतो, आणि उरलेला बारीक फरक वॉशरने भरून काढतात. वॉशर कमी पडला तर नट आट्यांच्या शेवटाला जाऊन अडतो. पुढे फिरत नाही, म्हणून रेंचला जोर लागतो, आणि तो ‘कट्’ करतो. प्रत्यक्षात नट बोल्टलाच घट्ट झालेला असतो. मधल्या वस्तूंवर दाब असतो जेमतेम, किंवा शून्य.

आटे मोजून हे कळलं ते असं. ह्या मापाच्या बोल्टला इंचाला २४ आटे, म्हणजे एक आटा सुमारे एक मिलिमीटरचा. वॉशर साधारण दीड मिलिमीटर जाड. तो नसेल तर नट दीड आटा जास्त खाली जातो, आणि बाहेर दीड आटा जास्त दिसतो. नटाबाहेर किमान एक पूर्ण आटा दिसायलाच हवा हे सगळ्यांना शिकवतात. फार जास्त दिसले तरी थांबायचं, हे मी त्या दिवशी शिकले. आणखी एक साधी परीक्षा आहे: आवळून झाल्यावर टोकदार काडीने वॉशर फिरवून बघायचा. फिरला तर जोडावर दाब नाही.

नवा नट घेतला, दोन्ही वॉशर घातले, पुन्हा अडण्याचा जोर मोजला, पुन्हा १५८ च्या आसपास रेंच लावला. ‘कट्’. आवाज आधीच्यासारखाच, काडीभरही फरक नाही.

१० जून १९९०

हे सगळं हौशी लोकांचं, असं कुणाला वाटेल. म्हणून एक मोठं, सर्वांना माहीत झालेलं उदाहरण.

१० जून १९९० च्या सकाळी ब्रिटिश एअरवेजचं ५३९० क्रमांकाचं उड्डाण बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. विमान बीएसी वन-इलेव्हन, आत ८१ प्रवासी. सुमारे १७,३०० फुटांवर कॉकपिटची डाव्या बाजूची काच उडाली. कॅप्टन टिम लँकेस्टर कंबरेपर्यंत बाहेर खेचले गेले. केबिनमधल्या सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, आणि सहवैमानिक अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन ह्यांनी विमान साउदम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसुद्धा वाचले.

ती काच उड्डाणाच्या २७ तास आधी बदलली होती. तिला ९० बोल्ट. त्यातले ८४ व्यासाने किंचित लहान होते, फरक ०.०२६ इंच, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तृतीयांशाएवढा. उरलेले सहा जाडीला बरोबर, पण लांबीला थोडे कमी. काम करणारा माणूस नवशिका नव्हता; रात्रपाळीचा अनुभवी प्रमुख होता. माणसं कमी म्हणून त्याने काम स्वतःच अंगावर घेतलं. बोल्ट निवडताना जुन्याशी डोळ्यांनी जुळवून पाहिला, तेही अंधुक उजेडात.

आमच्या विषयाशी जवळची बाब पुढे आहे. तो ज्या फळीवर उभा होता ती नीट जागेवर नव्हती. विमानाच्या नाकावरून ताणून, हात लांब करून त्याला बोल्ट बसवावे लागले. लहान बोल्टचं डोकं खाचेत जास्त आत गेलं होतं. समोर उभं राहून पाहिलं असतं तर दिसलं असतं. त्या कोनातून दिसलं नाही. आणि त्याच्या हातात ठरावीक जोराला सुटणारा स्क्रूड्रायव्हर होता. लहान बोल्ट आट्यांत घसरताना हाताला जे जाणवलं, ते स्क्रूड्रायव्हर सुटल्यासारखंच होतं.

चौकशीत आणखी एक बाब पुढे आली. त्या काळच्या नियमांत काच बसवणं हे दुसऱ्या माणसाने तपासलंच पाहिजे अशा कामांच्या यादीत नव्हतं. त्यामुळे दुसरं कुणी पाहिलंच नाही.

मी त्या रात्रपाळीच्या माणसाला नावं ठेवू शकत नाही. माझ्याकडे पहाटेची घाई नव्हती, रांगेत उभं विमान नव्हतं, तरी मी रिकाम्या थाळीकडे बघून ‘झालं’ म्हणून मोकळी झाले होते.

दुसरे डोळे

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या विमानांचं बरंचसं काम लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था पाहते. ती १९४६ साली वेगळ्या नावाने सुरू झाली. बांधणाऱ्याने निम्म्याहून जास्त काम स्वतः करायचं, आणि संस्थेच्या निरीक्षकाने टप्प्याटप्प्याने येऊन पाहायचं, सही करायची. शेवटी उडण्याचा परवाना मिळतो. विमानाच्या सुकाणूंच्या जोडण्या दोन माणसांनी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. चाकांच्या प्रत्येक बोल्टला असा नियम असेलच असं नाही. काका स्वतःच तो सगळीकडे लावतात. ज्याने आवळला त्याने तपासायचा नाही, एवढंच त्यांचं सूत्र.

भारतात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. कॅप्टन अमोल यादव ह्यांनी मुंबईत कांदिवलीला, चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी झाली २०१७ च्या नोव्हेंबरात, आणि चाचणी-उड्डाणाचा परवाना मिळाला २०१९ मध्ये. आपल्याकडे ह्या कथेचा शेवट ‘सरकारी खात्याने अडवलं’ एवढ्यावर होतो. उशीर झाला हे खरंच. पण त्यामागचा प्रश्न खराही आहे: गच्चीवर बांधलेल्या विमानाचे बोल्ट कुणी, कधी, कसे पाहायचे? जिथे शंभर लोक अशी विमानं बांधतात तिथे निरीक्षकांची साखळी आपोआप तयार होते. एकटा माणूस बांधतो तेव्हा त्याच्यासाठी ती साखळीही नव्याने जोडावी लागते.

वेम्बलीत राहणाऱ्यांसाठी थोडं शेजारचं. वेम्बली पार्कहून ज्युबिली लाइनने दोन स्टेशनं पुढे क्वीन्सबरी आहे. तिथून जवळ, आज जिथे घरांच्या रांगा आहेत, तिथे स्टॅग लेनची धावपट्टी होती. १९२० ते १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत डी हॅविलंड कंपनी तिथे विमानं बांधायची. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूवर जे पुस मॉथ उतरवलं, ती विमानं ह्याच कंपनीची, स्टॅग लेनवरची. एमी जॉन्सन इथेच उडायला शिकली. पण त्याचबरोबर ती हँगरमध्ये मेकॅनिक लोकांच्या हाताखाली राबली आणि डिसेंबर १९२९ मध्ये तिने विमान-दुरुस्तीचा अधिकृत परवाना मिळवला. तो मिळवणारी ती ब्रिटनमधली पहिली बाई. पुढच्याच मे महिन्यात ती एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली. वाटेत कराची, झाशी, कलकत्ता. रंगूनजवळ इन्सीनला मैदानावर उतरताना विमान चरात गेलं, पंख आणि चाकांचा भाग मोडला, आणि तिथल्या तांत्रिक संस्थेतल्या लोकांना हाताशी धरून तिने ते पुन्हा उभं केलं. २४ मे १९३० ला ती डार्विनला पोचली. ते विमान, ‘जेसन’, आज साउथ केन्सिंग्टनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. गेलात तर चाकांच्या दांड्यांकडे जरूर बघा. त्या काळी सगळं उघड्यावर होतं. बोल्टपर्यंत हात पोचत होता.

रंगाची रेघ

तपासून झालं की एक शेवटचं काम उरतं. नट आणि खालच्या पत्र्यावरून सलग जाईल अशी रंगाची एक बारीक रेघ ओढायची. हा रंग वाळला की ठिसूळ होतो. पुढे कधी नट किंचित जरी फिरला, तर रेघ तुटते. म्हणजे पुढच्या वेळी रेंच आत घालायची गरज नाही. कॅमेऱ्याने रेघ पाहिली की पुरे. रेघ अखंड, तर नट हलला नाही.

तुम्ही ही युक्ती रोज पाहता. रस्त्यावर एखादा ट्रक किंवा बस सिग्नलला उभी असेल तेव्हा चाकाच्या नटांकडे बघा. बऱ्याच गाड्यांवर पिवळ्या प्लॅस्टिकचे छोटे बाण असतात, शेजारच्या नटांवरचे दोन-दोन एकमेकांकडे तोंड करून. एखादा नट फिरला की बाण तोंड फिरवतो, आणि चालकाला लांबूनच दिसतं.

पण रेघेचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. नट *हलला नाही* एवढंच ती सांगते. मुळात तो बरोबर बसवला होता की नाही, हे नाही. मी आधीच्या ‘कट्’नंतर रेघ ओढली असती, तर ती वर्षानुवर्षं अखंड राहिली असती, खाली वॉशर नसताना. म्हणून काका आधी वहीत लिहितात: तारीख, कुठला बोल्ट, कोरडा की तेलाचा, अडण्याचा जोर किती, क्रोफूट किती इंची, रेंचवर आकडा किती, नटाबाहेर किती आटे, कुणी आवळला, कुणी पाहिला. मग रेघ.

त्या दिवशीच्या पानावर माझं नाव ‘आवळला’ ह्या रकान्यात दोनदा आहे. पहिल्या ओळीवर आडवी रेघ, आणि पुढे काकांच्या अक्षरात: ‘वॉशर राहिला, उघडून पुन्हा.’ मी म्हटलं, काका, हे खोडून टाका ना, निरीक्षक बघतील.

"बघू देत की," ते म्हणाले. "त्यांना कळेल, इथे उघडून बघतात."

मग त्यांनी शेडमधला दिवा बंद केला. विमान पूर्ण झाल्यावर, सगळ्या चाचण्या संपल्यावर, शेजारच्या सीटवर पहिल्यांदा काकू बसणार आहेत. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. वही बघून ठरवते, म्हणाल्या.